दोन मिनिटांची हालचाल

धर्मराज रोकडे यांच्या एका शब्दावर माणसं थांबत असत. हे अलंकारिक बोलणं नाही. कल्याणहून निघणाऱ्या एका दैनिकासाठी त्यांनी सदतीस वर्षं फोटो काढले, आणि त्या सदतीस वर्षांत 'हलू नका' एवढंच म्हणून त्यांनी दोन मंत्री, कितीतरी नगरसेवक, कबड्डीचा एक अख्खा संघ आणि एकदा तर भर रस्त्यात चाललेली मिरवणूक बँडपथकासकट जागच्या जागी उभी केली होती. त्यातल्या पिपाणीवाल्याने फुगवलेले गाल फोटो होईपर्यंत तसेच धरून ठेवले होते, असं जुने लोक सांगतात.

याचं कारण सांगायला हवं, नाहीतर माणूस उगाच हुकूमशहा वाटेल. त्या काळी कॅमेऱ्यात रीळ असे, सभागृहात उजेड नसे आणि संपादक एका कार्यक्रमाला तीनच फोटोंची मुभा देत. एका फोटोत पाहुण्यांनी डोळे मिटले, दुसऱ्यात हार घालणाऱ्याचं कोपर पाहुण्यांच्या नाकावर आलं, की उरलेल्या एकावर उद्याचा अंक. अशा वेळी माणसांना हलू देणं परवडणारं नव्हतं. निवृत्त झाल्यावर रोकडेकाकांनी अंबरनाथला बुवापाड्यातल्या मुलांसाठी रविवारचा फुकट फोटोवर्ग सुरू केला, तेव्हा पहिला धडा हाच दिला. मुलं त्यात इतकी तयार झाली, की काकांनी चष्मा पुसायला हात वर केला तरी वर्ग श्वास रोखून धरी.

व्हिडिओबद्दलचं आपलं मत काकांनी कधी लपवलं नाही. ज्याला नेमका क्षण कोणता ते कळत नाही, तो सगळेच क्षण उचलून आणतो आणि लोकांना म्हणतो, तुम्हीच निवडा. असं ते म्हणत. त्यांचं दैनिकही आता बहुतेक मोबाइलवरच निघायचं. वार्ताहर हातात फोन धरून चालत चालत बातमी सांगायचे आणि मध्येच खड्ड्यात पाय गेला तर तोही बातमीत यायचा. मागच्या वर्षी त्या लोकांनी काकांचा एक जुना फोटो मागून नेला. पुराच्या पाण्यातून डोक्यावर शाळेचा फळा घेऊन चाललेले कुळगावचे एक मास्तर, असा तो फोटो. एके काळी तो पहिल्या पानावर आला होता. आता त्यांनी त्याचा व्हिडिओ केला: मास्तरांचा चेहरा हळूहळू मोठा होतो, वरून खोटा पाऊस पडतो आणि तीनदा वीज कडाडते. काका त्या संध्याकाळी जेवले नाहीत. त्यांच्या पत्नी रखमाताई म्हणाल्या, एवढं काय त्यात, मास्तर तर ओळखू येतात. मग काका सकाळीही नीट जेवले नाहीत.

अशा माणसावर व्हिडिओ काढायची वेळ आली, त्याची ही हकिगत.

बुवापाड्यात विहाराला लागून समाजमंदिर आहे आणि समाजमंदिराच्या माडीवर अभ्यासिका. चौदा खुर्च्या, दोन कपाटं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि एक पंखा, जो चालू केला की पुस्तकाचं पान हाताने धरून ठेवावं लागे. ही खोली एका सरकारी कार्यालयाच्या मालकीची होती. कोणत्या, ते सांगत नाही. त्याने गोष्टीत काही फरक पडत नाही. त्या कार्यालयाचा सगळा कारभार नुकताच ऑनलाइन झाला होता. त्यामुळे जे कागद उरले, ते ठेवायला त्यांना जागा हवी होती.

अभ्यासिका समितीचे रामभाऊ एका सकाळी नोटीस घेऊन आले. रामभाऊ ऑर्डनन्स कारखान्यातून निवृत्त झालेले. कोणताही कागद ते उभं राहून, मोठ्या आवाजात वाचत. नोटिशीत लिहिलं होतं, की सदर जागा प्रत्यक्ष वापरात असल्याचे दर्शविणारी, स्थळ, दिनांक व वेळेची नोंद असलेली दोन मिनिटांची चित्रफीत पंधरा तारखेपर्यंत संकेतस्थळावर सादर करावी, अन्यथा जागा अभिलेख साठवणुकीसाठी ताब्यात घेण्यात येईल.

खोली गेली असती तर चौदाही जणांची पंचाईत होती, पण सगळ्यात मोठी अस्मिताची. ही तेवीस वर्षांची मुलगी आरोग्यसेविका भरतीचा अभ्यास करत होती. मागच्या खेपेला दोन मार्कांनी राहिली होती. आता परीक्षा महिन्यावर आली होती. घर एका खोलीचं. वडील एमआयडीसीत पाळीवर, म्हणजे दिवसा ते झोपलेले असले तर दिवा लावायचा नाही आणि जागे असले तर टीव्ही बंद करायचा नाही. खिडकीजवळची तिसरी खुर्ची हीच तिची अभ्यासाची जागा. सकाळी आठला ती तिथे बसे आणि चारला उठे.

तिने काकांना एवढंच विचारलं, "काका, होईल ना?"

"दोन मिनिटांचंच काम आहे," काका म्हणाले. सदतीस वर्षांचा अनुभव त्या वाक्यामागे होता. दुर्दैवाने तो दुसऱ्या धंद्यातला होता.

बातमी पसरताच सल्ले यायला लागले. रामभाऊंचं म्हणणं पडलं, की सुरुवात समितीच्या मनोगताने व्हावी आणि मनोगत त्यांचं असावं. काकांच्याच इमारतीतली दुसऱ्या मजल्यावरची तेजल बदलापूरच्या एका पतसंस्थेत नोकरी करायची आणि सुट्टीत वांगणीकडच्या आदिवासी बायकांसोबत रानभाज्यांचे रील काढायची. तिच्या शेवळाच्या भाजीला अकरा हजार लोकांनी बदाम दिला होता. ती म्हणाली, "काका, पहिल्या तीन सेकंदांत माणूस अडकला पाहिजे. नाहीतर तो पुढे सरकवतो." काका म्हणाले, बघणारा माणूस सरकारी आहे, तो कशानेच पुढे सरकत नाही. आणि तिला नमस्कार करून त्यांनी विषय संपवला.

स्थळ-काळाची नोंद मात्र त्यांच्या साध्या फोनला जमत नव्हती. म्हणून ते उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये हरेशभाईंच्या दुकानात गेले. काका पूर्वी तिथूनच रीळ घेत. आता तिथे रीळ सोडून सगळं मिळायचं. हरेशभाईंनी चहा मागवला, जुन्या दिवसांची विचारपूस केली, आणि एक वापरलेला फोन आणि तीन पायांचं एक स्टँड पुढे ठेवलं. स्थळाचा शिक्का मारणारं अॅप त्यांनी स्वतः बसवून दिलं, चालतं की नाही ते दुकानातच फोटो काढून दाखवलं, आणि म्हणाले, "साईं, सब सेट कर दिया. अब कुछ भी छूना मत." काकांनी हा सल्ला अक्षरशः पाळला. तेच पुढे नडलं.

चित्रणाचा दिवस ठरला. काकांनी चौदाही जणांना आंघोळ करून, केस विंचरून, पुस्तक घेऊन बोलावलं. आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद केला. खिडकीतलं कबूतर हाकललं. स्टँडवर फोन लावला, चौकट नीट केली. डावीकडे कपाट, उजवीकडे तसबीर, मधोमध चौदा डोकी. चौकट इतकी सुरेख जमली, की काकांना स्वतःचाच हेवा वाटला. मग त्यांनी लाल गोल दाबला आणि सदतीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

"हलू नका."

बहुतेक मुलं रविवारच्या वर्गातलीच. चौदाही थांबली. कुणी पेन वहीला टेकवून, कुणी ओठ अर्धवट उघडे ठेवून. दोन मिनिटं एकानेही हू की चू केलं नाही. अस्मितासारखी मोठी मुलगीसुद्धा, पानाला बोट लावून, पुतळ्यासारखी बसली. काकांचा ऊर भरून आला. असा वर्ग कुणाला मिळतो?

व्हिडिओ संकेतस्थळावर चढवला आणि तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'त्रुटी'. कोणती, ते लिहिलेलं नव्हतं. सादर करणं ऑनलाइन होतं. का नाकारलं, हे कळायला मात्र प्रत्यक्ष जावं लागे. काका गेले. चौथ्या खिडकीवर सुरुची मॅडम होत्या. या बाई कामाच्या चोख, बोलायला मऊ आणि हलवायला अवघड. त्यांनी संगणकावर फाइल उघडली.

"काका, फोटो नको होता. व्हिडिओ हवा होता."

"हा व्हिडिओच आहे."

मॅडमनी चष्मा नीट केला. "हा फोटो आहे."

"खालचे आकडे बघा, मॅडम. पळतायत."

"आकडे पळतायत. माणसं नाही."

काकांनी त्यांना शेवटपर्यंत बघायची विनंती केली. मॅडमनी ती मानली, कारण त्या चोख होत्या. पाठीमागे रांग वाढत होती. एक मिनिट चाळीस सेकंदांना दुसऱ्या रांगेतल्या सोनियाची पापणी लवली, आणि काकांनी काचेवर बोट ठेवलं. मॅडमनी तेवढा भाग मागे घेऊन पुन्हा पाहिला. पापणी खरोखरच लवली होती, हे त्यांनी मान्य केलं. पण एका पापणीवर खोली वापरात आहे असं त्या कसं लिहिणार होत्या? शिवाय खालच्या शिक्क्यात उल्हासनगर कॅम्प दोन, मोबाइल गल्ली, असा पत्ता होता. हरेशभाईंनी तपासताना आपल्या दुकानाचा पत्ता हाताने घातला होता, आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे कशालाही हात लावला नव्हता. मॅडमनी मऊ आवाजात विचारलं, ही चौदा मुलं मोबाइलच्या दुकानात बसून अभ्यास करतात का?

काका परत आले ते रिक्षा न करता, चालत. नोकरीतल्या सगळ्या वर्षांत त्यांचा फोटो फक्त एकदा परत आला होता. त्यात फोटो चांगला होता, पण माणूस चुकीचा होता. आज व्हिडिओ, फोटो नसताना, फोटो म्हणून परत आला. याला नेमकं काय म्हणावं, हे त्यांना कळेना. रखमाताईंनी काय झालं विचारलं. काका म्हणाले, तांत्रिक अडचण. रखमाताई म्हणाल्या, म्हणजे तुमची चूक. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली की असे अनुवाद आपोआप जमतात.

आता काकांना तेजलचा जिना चढावा लागला. तिने फार काही ऐकवलं नाही, हे तिच्या चांगुलपणाचं. तिने पत्त्याचा शिक्का दुरुस्त केला आणि सांगितलं, हालचाल हवी ना, आपण हालचाल देऊ. तिने दोन दिवसांची रजा काढली. पहिल्या दिवशी मुलांची तालीम झाली. एकाने पुस्तक उघडायचं, त्याच तालावर दुसऱ्याने मिटायचं. तिसऱ्याने कपाटाकडे झपझप जायचं. आकाशने वही हवेत उडवून झेलायची आणि ती झेलली की वही निळीची लाल झालेली असायची. काकांनी विचारलं, अभ्यासात असं केव्हा होतं? तेजल म्हणाली, काका, ते संकलनात कळेल. रामभाऊ 'ज्येष्ठ वाचक' म्हणून शाल पांघरून आले. कॅमेरा कुठेही फिरला तरी ते त्याच्याकडे बघून हात जोडत. पाठमोऱ्या चित्रणात ते मान वळवून हात जोडत.

मुलांना मात्र आता मोकळीक मिळाली होती. रविवारच्या वर्गात वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली सगळी हालचाल त्यांनी दोन दिवसांत बाहेर काढली. खुर्च्या भिंतीला लावल्या गेल्या. तेजलने वर ढोलकीचं संगीत टाकलं. दोन मिनिटं पुरी झाली, पत्ता बरोबर, तारीख बरोबर. बघताना काकांनाही पाय हलवावासा वाटला, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

या वेळी नुसती त्रुटी आली नाही, पत्र आलं. रामभाऊंनी ते उभं राहून वाचलं: सदर जागेत विनापरवाना नृत्यवर्ग चालत असल्याचे निदर्शनास आले असून, जागेच्या उद्देशबदलाबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

म्हणजे आधी खोली वापरात नसल्याची शंका होती. आता ती भलत्याच वापरात असल्याची खात्री झाली होती. पंधरा तारखेला पाच दिवस उरले. समितीची सभा बसली. तीत रामभाऊंनी थेट मंत्रालयात जायचं सुचवलं, कुणी ड्रोन सुचवला, कुणी म्हणालं, नृत्यवर्गच काढू, परवानगी लवकर मिळेल. काकांनी एक नवा बेत मांडायला सुरुवात केली: उद्या परत सगळ्यांना बोलवू, या वेळी अर्धे स्थिर, अर्धे हलते.

जिन्याच्या पायरीवर अस्मिता पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. खोलीत सभा असल्यामुळे ती बाहेर होती. ती उठून दारात आली.

"काका, रागावू नका. अभ्यासिका चालू आहे हे दाखवायला तुम्ही चार दिवस अभ्यासिका बंद ठेवलीय. माझे दोन विषय राहिलेत."

सभा तिथेच मोडली. रामभाऊंनी समारोपाचं भाषणही केलं नाही, यावरून काय ते समजावं.

घरी काकांनी ही गोष्ट रखमाताईंना सांगितली. मुलगी कशी तडक बोलली, तेही सांगितलं. त्यांना थोडी बाजू घेतली जाण्याची अपेक्षा होती. रखमाताई तांदूळ निवडत म्हणाल्या, "मग खोटं काय बोलली?"

माणसाचा मान दुखावला की तो दोन गोष्टी करतो: रुसतो किंवा कामाला लागतो. काकांनी रुसून बघितलं, पण रुसलेलं कुणाच्या लक्षात येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ते अभ्यासिकेत हजर झाले. फोन नाही, स्टँड नाही. गळ्यात आपला नेहमीचा डिजिटल कॅमेरा. खुर्च्या पूर्वीसारख्या मांडल्या, पंखा चालू केला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. कुणाला काही सांगितलं नाही.

पहिला तासभर वर्ग थिजलेलाच होता. कॅमेरा दिसला की थिजायचं, हे त्यांनीच शिकवलं होतं. काकांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि कपाटातलं एक पुस्तक काढून वाचायला घेतलं. थोड्या वेळाने सोनिया हळूच जवळ आली आणि विचारू लागली, फोटो का काढत नाही?

"तू मला विसरायची वाट बघतोय," काका म्हणाले.

सोनियाला हे खूप पटलं. ती जागेवर जाऊन विसरायचा प्रयत्न करू लागली, आणि काही वेळाने खरंच विसरली. ज्यांनी मुलांना शिकवलं आहे त्यांना हे माहीत असेल: मूल गुंगलं की त्याचा चेहरा पुसून नवा केल्यासारखा होतो. काकांनी हे शेकडो वेळा पाहिलं होतं, पण दर वेळी 'हलू नका' म्हणून घालवलं होतं. अकराच्या सुमाराला त्यांनी कॅमेरा उचलला. दारातल्या चौदा जोड चपला, त्यातल्या एकीचा अंगठा दोऱ्याने शिवलेला. गणित सोडवताना बाहेर आलेलं आकाशच्या जिभेचं टोक. पंख्याने उडणाऱ्या पानावर पेपरवेट म्हणून ठेवलेला अर्धा पेरू. आणि खिडकीच्या उजेडात अस्मिता. पेन्सिल केसांत खोचलेली, नजर आधीच पुढच्या पानावर पोचलेली आणि हातातलं पान हवेत अर्ध्यावर. एकाच पानासाठी काका पाऊण तास थांबले होते. चार वाजता ती उठेपर्यंत ते उठले नाहीत. आपला फोटो निघाला हे तिला कळलंही नव्हतं.

तेजल दुपारी सुट्टी काढून आली. तिने फोन खिडकीत ठेवून तासभर खोली जशी होती तशी चित्रित केली. हेच आधी का केलं नाही, असा प्रश्न दोघांनाही पडला आणि दोघांनीही तो एकमेकांना विचारला नाही. पण चढवायला गेले तर संकेतस्थळ म्हणालं, फाइल पाच एमबीच्या आत हवी. आधीच्या दोन्ही वेळी अशी अट नव्हती. ती परवाच आली होती. दोन मिनिटं कापून, पिळून पाच एमबीत बसवली तर चौदाही चेहऱ्यांचं वरण झालं. अस्मिता कोणती आणि कपाट कोणतं, ते सांगता येईना.

तेजल फोन बाजूला ठेवत म्हणाली, "काका, तुमचे फोटो द्या. फोटो हलके असतात."

हलके हा शब्द काकांना लागला, पण त्यांनी फोटो दिले. तिचा बेत असा: एकामागून एक फोटो, त्यांवर स्थळ-काळाचा शिक्का, आणि खाली त्या तासाभरातला खोलीचा आवाज. तिला चाळीस फोटो हवे होते. काकांनी अकरा काढून दिले. बाकीच्यांचं काय, असं तिने विचारल्यावर म्हणाले, बाकीचे बरे आहेत. प्रत्येक फोटो तीन सेकंद ठेवू, असं तेजल म्हणाली. तीन सेकंदांत चपलासुद्धा मोजून होत नाहीत, असं काकांनी उत्तर दिलं. शेवटी वाद नोटिशीने मिटवला. दोन मिनिटं भरायची होती आणि फोटो अकरा होते, म्हणजे दर फोटोला जवळजवळ अकरा सेकंद आपोआपच आले.

आवाजाच्या बाबतीत मात्र काका शिष्य झाले. चार दशकं त्यांनी माणसांकडे फक्त पाहिलं होतं. ऐकायचं काम वार्ताहराचं. तेजलने कानाला लावायला हेडफोन दिले आणि त्यांना खोली ऐकू आली. कुणीतरी पुटपुटत नवाचा पाढा म्हणत होतं आणि नऊ सत्तेला अडखळत होतं. खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. खुर्चीचं करकरणं. अस्मिता रक्तगटांची नावं स्वतःशीच घोकत होती, आणि मध्येच पान उलटल्याचा आवाज. तेजलने विचारलं, वर बासरी टाकू का? काकांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, नाही, मलाही नकोच वाटत होती. मग कोणता आवाज कोणत्या फोटोखाली यावा यावर दोघं सूर्य मावळेपर्यंत बसली, आणि दोघांपैकी कुणालाही आपण दुसऱ्याकडून काही शिकतो आहोत असं वाटलं नाही. शिकण्याची ही सर्वांत चांगली पद्धत आहे.

चित्रफीत चढवली, आणि पंधरा तारखेला खुलासा घेऊन दोघं चौथ्या खिडकीपाशी उभी होती. सुरुची मॅडमनी आधी नृत्याचा खुलासा मागितला. काकांनी एका ओळीचा दिला: 'नृत्य झाले नाही, वाचनाचे चित्रण करताना तसे दिसले.' मॅडमनी तो दोनदा वाचला आणि फाइलला लावला. मग त्यांनी चित्रफीत उघडली.

चपला आल्या. पाढा सुरू झाला. नऊ सत्ते म्हटल्यावर अडखळला, तेव्हा मॅडमच्या ओठांनी त्रेसष्ट म्हटलं. पेरू आला, कुकर वाजला. मागच्या टेबलावरचे एक साहेब उठून पाठीशी येऊन उभे राहिले. रांगेतल्या माणसानेही खिडकीतून मान घातली, आणि त्याला कुणी मागे सारलं नाही. शेवटी अस्मिता आली, रक्तगट घोकणारी. दोन मिनिटं संपली. मॅडमनी मंजुरीच्या रकान्याकडे माउस नेला.

आता काकांचा प्रामाणिकपणा आडवा आला. वर्तमानपत्रात राहिलेला माणूस. जे नाही ते आहे म्हणून छापणं त्यांना कधी जमलं नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम, एक सांगायला हवं. यात कुणीही हललेलं नाही."

तेजलने त्यांच्या पायावर पाय दिला. फार उशीर झाला होता.

"कसं नाही?" मॅडम म्हणाल्या. "ही मुलगी पान उलटते की."

"नाही, म्हणजे..."

"काका, मी स्वतः बघितलं." त्यांनी शेवटचा भाग पुन्हा लावला. खिडकीचा उजेड, हवेत अर्ध्यावर थांबलेलं पान, आणि मग तो आवाज. "हे बघा. उलटलं."

मागचे साहेब म्हणाले, "उलटलं ना."

मॅडमनी रकान्यात लिहिलं: हालचाल आहे. जागा वापरात. तीन वर्षांसाठी मंजूर.

काका कार्यालयाच्या पायऱ्या उतरले आणि शेवटच्या पायरीवर उभे राहिले. तेजल पायावर पाय दिल्याबद्दल माफी मागत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मग ते म्हणाले, "उलटलं म्हणाली."

"हो काका."

"दोनदा बघून म्हणाली. उलटलं."

तेजलने त्यांना कोपऱ्यावरच्या गाडीकडे नेलं आणि वडापाव घेऊन दिला. तो खातानाही काका दोनदा थांबले आणि समोर कुणी नसताना मान हलवली.

मंजुरीचं पत्र रामभाऊंच्या हाती पडलं, तेव्हा त्यांना कोण थांबवणार होतं? मूळ जागीच वाचन व्हायला हवं, असं म्हणून ते माडी चढले. मागोमाग काका, काकांच्या मागे तेजल आणि तिच्या हातात पेढ्यांचा पुडा. काकांच्या मनात छोटंसं भाषण तयार होतं. स्थिर चित्रात गती कशी असते, ह्यावर; मुलांना उपयोगी पडेल असं. रामभाऊंनी खोलीच्या मधोमध उभं राहून घसा साफ केला आणि सुरुवात केली, "विषय: मौजे अंबरनाथ येथील..."

खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीवरून अस्मिताने मान वर केली. परीक्षेला एकोणीस दिवस होते. तिने तिघांकडे एकदा पाहिलं, पत्र कसलं आहे ते तिला तेवढ्यात कळलं, आणि तिचा चेहरा क्षणभर खुलला. मग तिने ओठांवर बोट ठेवलं.

"बाहेर वाचा ना, प्लीज. लोक अभ्यास करतायत."

रामभाऊ आयुष्यात पहिल्यांदा वाक्याच्या मध्ये थांबले. तिघंही आल्या पावली जिन्यात गेली, आणि चपलांचा आवाज होऊ नये म्हणून काकांनी त्या हातात घेतल्या. खाली पोचल्यावर रामभाऊंनी उरलेलं पत्र कुजबुजत वाचून दाखवलं. काकांनी ते अगदी शेवटच्या सहीपर्यंत, न हलता ऐकलं.